लीलेच्या मापाची जोडवी

शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत दूध घालणारा अहीर आनंदीच्या दारातून निघाला की पुढच्या दारी सांगायचा, "पंडिताइनजी दूध नहीं देखतीं, हमारा मुँह देखती हैं." त्यात खोटं काही नव्हतं. भाजीवालीने वरून एखादं वांगं जास्त टाकलं तर आनंदी खालची सगळी उलटून बघायची. कुणी गोड बोललं की मनाशी म्हणायची, आता ह्याला काय हवंय? काशीतल्या दक्षिणी मंडळींत तिला मागे 'संशयी आनंदी' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

पण हा स्वभाव काही ती आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती. लहान असताना बापाने तिला "चल, जत्रेला जाऊ" म्हणून गाडीत बसवलं. गाडी थांबली ती मांडवाच्या दारात. पुढ्यात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा ती वळून वळून विचारत होती, पाळणे कुठे आहेत? नवरा वाईट मिळाला नाही. वेणीमाधव गरीब स्वभावाचा, शाळेत शिकवणारा, पानात पडेल ते जेवणारा. पण त्या दिवसापासून कुणी "चल, मजा दाखवतो" म्हटलं की ती आधी गाडी कुठे जाणार ते विचारायची.

शारदा कायदा लागू झाला ते हे वर्ष. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर तुरुंग, असा तो कायदा. घाटावर त्या चैत्रात दुसरा विषयच नव्हता. अशात वैशाख सरता सरता एका दुपारी वेणीमाधव जेवताना म्हणाला, "शाळेला सुटी आहे. म्हणतो, मुलांना घेऊन जरा फिरून यावं. विंध्याचलला देवीचं दर्शन घेऊ, तिथून घाट चढून पलीकडे संस्थानात. तिथे दादांच्या ओळखीचे नीलकंठभट आहेत. हवापालट होईल."

"लूचे गरम वारे सुटले असताना हवापालट?"

"डोंगरावर थंड असतं."

"मिर्झापूरचा डोंगर म्हणजे काय हिमालय? आणि मिर्झापूरपर्यंत रेल्वे असताना बैलगाडी कशाला ठरवलीत?"

"दादा म्हणाले, रेल्वेत सोवळं राहत नाही."

दादा म्हणजे तिचे थोरले दीर यज्ञेश्वर. मणिकर्णिकेवर दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवायचे. पन्नाशीला टेकलेले, मूलबाळ नाही, आणि बायको गेल्याला वर्ष उलटून गेलेलं. हेच यज्ञेश्वर रेल्वेने गयेला जाऊन आले होते. तेव्हा सोवळं कुठे ठेवलं होतं? आनंदी हे बोलली नाही. मनात ठेवून दिलं. भावोजींच्या शेंडीला अलीकडे तेल जास्त लागायला लागलंय, हेही तिने पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ तिने लावला नाही.

निघायच्या आधी गंगाआत्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आत्या म्हणजे दोघा भावांच्या सख्ख्या आत्या, मुन्शी घाटाजवळ राहायच्या. गेल्यावर आनंदी पाहते तो लीलेच्या पाटाभोवती रांगोळी. शेजारी भावोजींचा पाट. आत्यांनी निरांजन ओवाळलं, लीलेला जरीच्या काठाचा हिरवा परकर दिला.

"हे कशाला, आत्या?"

"पोर परगावी चाललीय. नव्या कपड्यात बरी दिसेल."

"प्रवासात धुळीत जरीचा परकर?"

"अगं, असू दे गं! प्रत्येक गोष्टीची साल काढायची असते का?" आत्या हसल्या, आणि वेणीमाधवाकडे बघून पटकन आत गेल्या.

ते बघणं आनंदीच्या डोक्यातून गेलं नाही. लग्नाआधी नातेवाईक मुलीला जेवायला बोलावतात, ओवाळतात, कपडा देतात, त्याला केळवण म्हणतात. आणि लीलेला नववं लागलं होतं.

गाडी निघाली ती पहाटे. वर चटयांचं छप्पर, खाली पेंढा, त्यावर सतरंजी. भुलई नावाचा गाडीवान, दोन पांढरे बैल, सत्तूचं पोतं, कच्च्या आंब्याचं पन्हं, सुराही, आणि पुढे गाडीवानाशेजारी मांडीवर गाठोडं घेतलेले यज्ञेश्वर. ते गाठोडं त्यांनी गाडीत इतर सामानाबरोबर ठेवू दिलं नाही.

"जड होईल, भावोजी. इकडे द्या," आनंदी म्हणाली.

"पोथ्या आहेत," ते म्हणाले.

पोथ्या अशा मऊ बसत नाहीत, हे तिने मांडीवरच्या घडीवरून ओळखलं.

उन्हाळ्यातला तो रस्ता म्हणजे पहाटे चालायचं, ऊन चढलं की आमराई गाठायची, आणि उन्हं कलली की पुन्हा जुंपायचं. चाकांचा फुफाटा गाडीच्या आधी पुढे जायचा. विशू चार वर्षांचा. त्याला सगळंच हवं. बैलाची घंटा हवी, भुलईचा चाबूक हवा, वाटेवरचं माकडही हवं.

"आई, अब कितना दूर?"

"मराठीत विचार."

"आई, आता कितना दूर?"

लीला हसून लोळायची. काशीत जन्मलेली मुलं, घराबाहेर पडली की त्यांच्या तोंडी गल्ली यायची. एरवी आनंदीही हसली असती. पण ती लीलेचं हसणं बघत होती, आणि मग नवऱ्याचं ते हसणं चुकवून बाहेर बघणं बघत होती. रात्री मुक्कामाला ती लीलेच्या परकराचं टोक आपल्या पदराला गाठ मारून झोपायची. वेणीमाधवाने विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "वाटेत लांडगे आहेत म्हणतात."

विंध्याचलला देवीपुढे तिने नवस बोलला नाही. नवस बोलायला नक्की काय होणार आहे ते माहीत असावं लागतं. ती नुसती हात जोडून म्हणाली, "तू बघते आहेस ना? मग झालं."

मिर्झापूर मागे पडल्यावर एका भर दुपारी महुआच्या झाडाखाली गाडी सोडलेली होती. गरम वारा नुसता भाजत होता. विशूचा घोळणा फुटला. नाकातून रक्ताची धार लागली तसा तो रडायला लागला. भावोजी आणि वेणीमाधव बैलांना घेऊन विहिरीवर गेलेले. आनंदीने त्याचं डोकं मागे केलं आणि स्वच्छ फडकं म्हणून हाताला आलं ते ओढलं. ते भावोजींचं गाठोडं होतं.

गाठ सुटली. आतून घडी केलेलं पांढरं वस्त्र निघालं, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. अंतरपाट. त्याखाली मोत्यांच्या मुंडावळ्या. आणि चिंधीत बांधलेली चांदीची जोडवी. लग्न लागल्यावर नवरीच्या पायांत घालतात ती.

तिने विशूच्या नाकावर आपला पदर दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताने एक जोडवं उचललं. लहानखुरं होतं. शेजारी लीला झोपलेली, पाय उघडे, तळवे धुळीने राखाडी. आनंदीने जोडवं तिच्या बोटात सरकवून पाहिलं.

बरोबर बसलं. जसं माप घेऊन घडवलेलं.

विशूचं रक्त थांबलं, तो झोपला. आनंदीने गाठोडं होतं तसं बांधलं, पण जोडवी आपल्या पदराच्या गाठीत ठेवली. पुढे जेवण झालं, गाडी जुंपली, भुलई बैलांशी बोलत राहिला. आनंदीला मात्र तिचा बाप दिसत होता, जत्रेला चल म्हणणारा. आपण निदान काशीत राहून शहाण्या झालो असं वाटत होतं, आणि पुन्हा तीच गाडी! ह्या वेळी नुसती बसायची जागा बदलली.

घाट आला. चढण इतकी की बैलांच्या तोंडाला फेस. मुलं गाडीत, बाकी सगळे पायी. वर पोचल्यावर एक दगडी खांब आणि पानांची छपरी, आत शिपाई पेंगत होता. भुलई म्हणाला, "ऊ खंभा के पार राजा का राज है, माई. अंगरेज का कानून इहाँ तक."

आनंदीने लीलेला गाडीतून उतरवलं, हात धरला आणि खांबाच्या अलीकडच्या दगडावर बसली.

"उठ," वेणीमाधव म्हणाला. "ऊन चढतंय."

"चढू दे. मी ह्या खांबापलीकडे पाऊल टाकणार नाही. लीलाही नाही."

यज्ञेश्वर धापा टाकत मागून आले. "काय झालं?"

दिरांपुढे मान वर करून ती कधी बोलली नव्हती. आजही मान खालीच होती. तिने गाठ सोडली आणि जोडवी दगडावर ठेवली. "ही कुणाच्या पायांत घालायची आहेत, ते सांगा."

"माझ्या गाठोड्यात हात घातलास?"

"घातला. विशूचं रक्त वाहत होतं. कुणाची आहेत?"

वेणीमाधव रस्त्यावरची खडी बघायला लागला. यज्ञेश्वरांनी आधी कपाळावरचा घाम पुसला, आणि मग ते एकदम हसले. "अगं खुळे! लीलेचं लग्न लावायला नेतोय असं वाटलं तुला? लीला करवली आहे. नवऱ्यामागे कऱ्हा धरून उभी राहायची. त्यासाठी तर आत्यांनी परकर शिवला."

"मग नवरा कोण?"

भुलई बैलांची शिंगं पुसायला लागला. गाडीतून विशूचा आवाज आला, "काकांनी पेंढ्यात लाल पगडी लपवलीय! मी घातली तर ओरडले!"

आनंदीने भावोजींच्या तेल लावलेल्या शेंडीकडे पाहिलं. गंगाआत्यांच्या घरचे दोन पाट आठवले. रांगोळी दोन्हींभोवती होती. तिने फक्त लीलेचीच पाहिली. केळवण होतं, पण ते भावोजींचं.

तिला हसू आलं. आधी बारीक, मग आवरेनाच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. "भावोजी, मेलं, आधी सांगायचं नाही का? मी किती दिवस झोपले नाही!"

"तुला सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं," ते चिडून म्हणाले. "गल्लीतून कुणी अर्ज केला असता. तिथे कायदा आडवा येतो. इथे राजाच्या राज्यात येत नाही."

"म्हणजे मुलगी..."

"आहे की. नीलकंठभटांची सीता. चांगलं खानदान आहे."

लीला दगडाशी खाली बसली होती. तिने एक जोडवं उचलून पायाच्या बोटात घातलं. "आई, बघ ना! मला बसतं."

आनंदीचं हसू तिथेच राहिलं.

"मुलगी केवढी आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बारावं लागलंय म्हणतात."

"म्हणतात?"

वेणीमाधव बैलांकडे वळला. ती उठली. लीलेच्या पायातलं जोडवं काढून भावोजींच्या हातावर ठेवलं आणि खांब ओलांडला. आपली पोर सुटली म्हणून तिने देवीला हात जोडायला हवे होते. ते हात काही वर येईनात.

नीलकंठभटांचं घर देवळामागे होतं. भट साधा माणूस, पंचांग आणि पूजा ह्यांच्या बाहेरचं जग त्याला दिसत नव्हतं. मुलगी काशीत पडणार, रोज गंगास्नान घडणार, एवढ्यावर त्याने हो म्हटलं होतं. त्याची बायको अन्नपूर्णाबाई मात्र पाहुण्यांशी चार शब्द बोलेना. आनंदी स्वयंपाकघरात गेली की ती डब्याचं झाकण लावायची. आनंदीला वाटलं, ही काहीतरी लपवतेय. मग लक्षात आलं, तिलाही आपल्याबद्दल तसंच वाटतंय. नवऱ्याकडची बाई आलीय, पोरीचे दात-केस बघायला.

सीता परसात लीलेबरोबर सागरगोटे खेळत होती. दोघींचे पाय मातीत पसरलेले, शेजारी शेजारी. सारखेच.

"केवढी आहे?" आनंदीने हळूच विचारलं.

"बारा सांगितलंय तुमच्याकडे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"सांगितलंय ते मला कळलं. केवढी आहे?"

अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुमची मुलगी केवढी?"

"नऊ."

"मग तेवढी," त्या म्हणाल्या आणि पाण्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवक बसायचं होतं. लग्नकार्यातली पहिली पूजा ती. उजाडताना घरात कुजबुज झाली. अन्नपूर्णाबाई गोठ्याच्या ओसरीवर वेगळ्या बसल्या होत्या. त्यांना कावळा शिवला होता.

नीलकंठभटांनी कपाळाला हात लावला. "देवक बसायच्या आत मुलीची आई विटाळशी झाली. लग्न पुढे न्यावं लागेल."

"शांती करून लावता येतं," यज्ञेश्वर म्हणाले.

"ते संकटात. माझी थोरली मुलगी आहे, पहिलं कार्य आहे. मी शांतीवर लावणार नाही."

"मग दुसरा मुहूर्त?"

भटांनी पंचांग उलटलं. "हा शेवटचा होता. पुढे गुरूचा अस्त. मग चातुर्मास. आता कार्तिकातच."

यज्ञेश्वर लाल झाले. ओसरीवर येरझाऱ्या घालता घालता थबकले. "काल संध्याकाळपर्यंत तर हिंडत होत्या. आनंदी, तू बाईमाणूस. जा, बघून ये. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

आनंदी हातात तांब्या घेऊन परसात गेली.

"लांब राहा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या, जुनेरं नेसून.

"राहते."

परसाच्या मधोमध तुळशीवृंदावन. बुंध्याशी माती ओली, वर ताजं जास्वंद. आणि तिथून गोठ्याच्या ओसरीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे, अजून वाळायचे होते. विटाळात बाई तुळशीची सावलीसुद्धा अंगावर घेत नाही.

"तुळशीला पाणी कुणी घातलं आज?" आनंदीने विचारलं.

अन्नपूर्णाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "सीतेने."

आनंदीने खाली पाहिलं. सीतेचं पाऊल तिला ठाऊक होतं. हे पाऊल मोठ्या बाईचं होतं, आणि बोटाशी जोडव्याचा वळ स्पष्ट उठलेला होता. बिचारी. नवऱ्याला फसवायला निघाली, पण तुळशीला कोरडी ठेववली नाही.

आत भावोजी खाकरत होते. आनंदीला वाटलं, ह्या घरात आपल्या शब्दावर आज सगळं येऊन ठेपलंय, ते आपण कुणावर विश्वास ठेवत नाही म्हणून. धर्माच्या बाबतीत ती कधी खोटं बोलली नव्हती. चातुर्मासातला एक नेम चुकला तरी तिला झोप यायची नाही.

"पायांना फुफाटा लागलाय," ती मोठ्याने म्हणाली. "जरा धुते हं."

आणि तिने तांब्यातलं पाणी ठशांवर ओतलं. एकेका पावलावर, ओसरीपर्यंत. अन्नपूर्णाबाई बघत राहिल्या. परतताना तिने तुळशीवरचं जास्वंद मात्र हलवलं नाही. तो देवाचा वाटा होता.

"काय?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"खरं आहे. चार दिवस शिवता यायचं नाही."

"नीट बघितलंस?"

"भावोजी, नीट बघितल्याशिवाय मी दूध तरी घेते का?"

दुसऱ्या पहाटे गाडी जुंपली. निघताना सीता लीलेला सागरगोटे द्यायला धावत आली. अन्नपूर्णाबाई लांबूनच म्हणाल्या, "नीट जा." एवढंच. पण आनंदीला ते पुरलं.

परतीच्या वाटेवर यज्ञेश्वर मांडीवर गाठोडं घेऊन बसले नाहीत. ते मागे पेंढ्यात फेकलेलं होतं. विशू लाल पगडी घालून बैलांना हाकत होता आणि त्याला कुणी ओरडलं नाही. घाट उतरल्यावर वेणीमाधव हळूच म्हणाला, "मी तुला सांगायला हवं होतं."

"हो," आनंदी म्हणाली. "हवं होतं." आणि पाण्याची सुराही त्याच्या हातात दिली.

पावसाळा लागायच्या आत अन्नपूर्णाबाई मुलीला घेऊन माहेरी गेल्या. कार्तिकात भटांचा निरोप आला की सीतेच्या आजीने तिला ठेवून घेतलीय, सध्या काही जमत नाही. इकडे तोवर दोन्ही घाटांवर लाल पगडीची गोष्ट पसरली होती. पुन्हा कुणी भावोजींना मुलगी देऊ केली नाही. गोष्ट फोडली कुणी? गंगाआत्यांच्या पोटात काही राहत नसे हे सगळ्यांना माहीत होतं. पण यज्ञेश्वरांचा संशय आनंदीवर गेला तो गेलाच. तिने वाढलेलं ताक ते अजून उजेडात धरून बघायचे.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. विटाळात कळत-नकळत घडलेल्या चुका त्या दिवशी बायका धुऊन टाकतात. त्या वर्षीपासून आनंदी घाटावर गेली की गंगेत एकदा बुडी मारून बाहेर यायची, आणि पुन्हा पाण्यात उतरायची.

लीला मोठी झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा एकदा पायरीवर कपडे सांभाळत तिने विचारलं, "आई, दुसऱ्यांदा कशाला?"

"एकीची बुडी राहिलीय," आनंदी म्हणाली.

वरच्या पायरीवर यज्ञेश्वर भस्म लावत बसले होते. त्यांनी मान वळवून भावजयीकडे पाहिलं, बराच वेळ. आनंदीने नाक धरलं आणि पाण्याखाली गेली.